काठिण्याचा इतिहास

कर्करोगाचा इतिहास बहुधा सूक्ष्मदर्शकापासून सांगितला जातो. मला तो बोटांपासून सांगावासा वाटतो. सुश्रुतसंहितेतील अर्बुद गोल, स्थिर, खोल मुळाचे आणि सावकाश वाढणारे आहे. ही स्थिरता वैद्याच्या बोटांनाच कळे. पुढे १८५८ मध्ये फिर्खो यांनी रोगाचे मूळ पेशीत शोधले, आणि गाठीचे काठिण्य हे केवळ लक्षण ठरले. १८८९ मध्ये लंडनच्या स्टीफन पॅजेट यांनी बी आणि जमीन असा दृष्टान्त देऊन भोवतालच्या ऊतींकडे लक्ष वेधले; तरी संशोधन दीर्घकाळ बीजाभोवतीच फिरत राहिले.

जमीन कशी बिघडते, याचे उदाहरण मात्र आपल्याच तबकात होते. १९५२ मध्ये श्वार्ट्झ यांनी पूर्व आफ्रिकेतील पाच भारतीय स्त्रियांच्या तोंडातील ताठरलेल्या अस्तराची नोंद केली. पुढच्याच वर्षी मुंबईचे डॉ. जोशी यांनी या विकाराला ‘सबम्यूकस फायब्रोसिस’ म्हटले. यात अस्तराखाली कोलॅजनचे तंतू दाटतात, गाल फळीसारखा होतो, तोंडात तीन बोटे मावेनाशी होतात. १९५६ मध्ये टाटा स्मारक रुग्णालयाच्या डॉ. पेमास्टर यांनी अशाच अस्तरावर कर्करोग उद्भवल्याचे दाखविले.

कारण सुपारी. तिच्यातील ॲरेकोलीन तंतुनिर्मितीस चालना देते. तिच्यातील तांब्यामुळे लायसिल ऑक्सिडेज या विकराची क्रिया वाढते, आणि ते तंतूला तंतू जखडते.

हेच विकर स्तनाच्या गाठीतही आढळते. अमेरिकेतील व्हॅलेरी वीव्हर आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखविले की ताठर आधारावर स्तनपेशींची सुबक रचना विस्कटते. २००९ मध्ये, उंदरांत हे विकर रोखले असता गाठींची वाढ मंदावते, असे आढळले. विशेष म्हणजे कर्कपेशी स्वतः पुष्कळदा मऊच असते. कठीण होतो तो तिच्याभोवतीचा तंतूंचा सांगाडा. काठिण्य हे रोगाचे केवळ चिन्ह नव्हे, त्याचे साहाय्यकही आहे.

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये तंबाखूविना सुपारीही कर्ककारक ठरविली. मध्य प्रदेशाने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली; परंतु ग्वाल्हेरच्या मराठी घरांतील सुपारीच्या तबकाला कायदा पोहोचत नाही. एकदा ताठरलेला गाल सहसा पूर्ववत होत नाही. म्हणून माजी विद्यार्थ्यांना माझे एवढेच सांगणे आहे, की पाहुण्यापुढे ते तबक करण्यापूर्वी हा इतिहास आठवावा.