कुसुमावतीबाई आणि आपल्या घरातली पहिली पदवीधर

काटोलच्या शाळेतून बाहेर पडलेल्या आपल्या पिढीतल्या मुलींना ‘पुढे काय?’ या प्रश्नाचे उत्तर बहुधा एकच असे : नागपूर. सकाळची एसटी किंवा इटारसीकडून येणारी गाडी धरायची, कॉलेज करायचे आणि दिवेलागणीच्या आत घरी यायचे. ज्या विद्यापीठाची पदवी आपण अशी मिळवली, तिथे आपल्या आधी कोणत्या स्त्रिया वावरल्या, हे मात्र आपण कधी विचारले नाही. स्मरणिकेच्या निमित्ताने त्यातल्या एकीची ओळख करून द्यावीशी वाटते.

नागपूरचे हिस्लॉप कॉलेज 1883 सालचे. तेव्हा नागपूरला विद्यापीठ नव्हते. इथली कॉलेजे आधी कलकत्ता आणि नंतर अलाहाबाद विद्यापीठाला जोडलेली होती. त्याच 1883 साली कादंबिनी बसू आणि चंद्रमुखी बसू या दोघी कलकत्ता विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री-पदवीधर ठरल्या. आपल्याकडच्या मुलींसाठी ते सारे फार दूरचे होते. 4 ऑगस्ट 1923 रोजी नागपूर विद्यापीठ स्थापन झाले आणि पदवी घराजवळ आली.

विद्यापीठ अवघे 3 वर्षांचे असताना, 1926 साली, अमरावतीच्या जयवंत वकिलांची मुलगी कुसुम तिथून बी. ए. झाली. शालेय शिक्षण पुण्याच्या हुजूरपागेत झालेले. पुढे ती लंडनला गेली आणि वेस्टफील्ड कॉलेजमधून 1929 साली इंग्रजी साहित्याची पदवी घेऊन परतली. त्याच वर्षी कवी अनिल, म्हणजे आत्माराम रावजी देशपांडे, यांच्याशी तिचा विवाह झाला. त्या काळी आंतरजातीय विवाह सोपा नव्हता. आधीची अनेक वर्षे दोघांना पत्रांवरच काढावी लागली. ती पत्रे पुढे ‘कुसुमानिल’ या नावाने प्रसिद्ध झाली.

कुसुमावतीबाईंचे मोठेपण मला परदेशातल्या पदवीपेक्षा त्यानंतरच्या कामात दिसते. त्यांनी नागपुरात 20 हून अधिक वर्षे इंग्रजी साहित्य शिकवले. वर्गात मुलगेच बहुसंख्य असण्याचा तो काळ. अशा वर्गासमोर उभी असलेली प्राध्यापिका पाहणे, हाच अनेकांसाठी एक धडा असणार. शिकवता शिकवता त्यांनी ‘दीपकळी’, ‘मोळी’ हे कथासंग्रह आणि ‘मराठी कादंबरी : पहिले शतक’ हा समीक्षाग्रंथ लिहिला. 1961 साली ग्वाल्हेरच्या मराठी साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्षा झाल्या. पहिले संमेलन 1878 चे. म्हणजे त्या मानासाठी स्त्रीला 83 वर्षे थांबावे लागले. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांचे निधन झाले.

कुसुमावतीबाई वकिलाच्या घरातल्या होत्या, हे विसरून चालणार नाही. शेतकऱ्याच्या, मजुराच्या मुलीला पदवीपर्यंत पोचायला आणखी बरेच काही लागते : जवळचे कॉलेज, वसतिगृह, गाडीभाडे आणि ‘जाऊ द्या तिला’ म्हणणारे घरातले एक माणूस. नागपुरात 1932 साली मुलींसाठी स्वतंत्र कॉलेज निघाले. तेच आजचे एल. ए. डी. त्या सोयीमुळे कितीतरी घरांचा धीर वाढला.

माझ्या घरात पदवी घेणारी पहिली मुलगी मीच. आई चौथीपर्यंत शिकलेली, पण संत्र्याच्या हंगामातही माझा पास चुकला नाही, तो तिच्यामुळे. तिचे नाव विद्यापीठाच्या कोणत्याही नोंदीत नाही.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. या स्मरणिकेच्या मागच्या कोऱ्या पानावर आपल्या घरातल्या पहिल्या पदवीधर स्त्रीचे नाव, साल आणि तिला पाठवणाऱ्या माणसाचे नाव लिहून ठेवा. कुसुमावतीबाईंचा इतिहास ग्रंथांत आहे. आपल्या घरचा आपणच लिहिला नाही, तर तो कुणालाच सापडणार नाही.