एका केबलवर दोन हार्ड डिस्क : जोडणीची पद्धत आणि घ्यावयाची काळजी

जुन्या संगणकाच्या हार्ड डिस्कमध्ये अनेक कुटुंबांची छायाचित्रे, पत्रव्यवहार आणि हिशेब साठवलेले असतात. ही माहिती दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेण्यासाठी दोन्ही डिस्क एकाच केबलवर जोडता येतात. ही जोडणी अवघड नाही. मात्र कोणती डिस्क कोणती, हे आधी निश्चित न केल्यास जपावयाची माहितीच पुसली जाण्याचा धोका असतो.

ही सोय आयडीई पद्धतीच्या डिस्कमध्ये आहे. १९८०च्या दशकाच्या मध्यास वेस्टर्न डिजिटल, कंट्रोल डेटा आणि कॉम्पॅक या अमेरिकी कंपन्यांनी ही पद्धत विकसित केली. १९९४ मध्ये अमेरिकेत तिला ‘एटीए’ या नावाने प्रमाणित स्वरूप मिळाले. या पद्धतीत रुंद, चपट्या केबलवर दोन डिस्क बसतात. तारा सामाईक असल्याने एका वेळी एकाच डिस्कची देवाणघेवाण होऊ शकते. म्हणून एकीला ‘मास्टर’ आणि दुसरीला ‘स्लेव्ह’ अशी ओळख द्यावी लागते.

जंपरची मांडणी

ही ओळख डिस्कच्या मागील बाजूस असलेल्या पिनांवर जंपर, म्हणजे छोटी टोपी, बसवून दिली जाते. जंपरची जागा प्रत्येक कंपनीनुसार वेगळी असते. तिचा तक्ता बहुधा डिस्कवरील लेबलवर छापलेला असतो. काही डिस्कमध्ये एकटी डिस्क आणि सोबत स्लेव्ह असलेली मास्टर यांसाठी स्वतंत्र जागा असतात, हे दुसरी डिस्क जोडताना ध्यानात ठेवावे.

‘केबल सिलेक्ट’ हा तिसरा पर्याय आहे. त्यात दोन्ही जंपर त्याच जागी ठेवतात आणि डिस्कची ओळख केबलवरील स्थानावरून ठरते. ८० तारांच्या केबलमध्ये निळे टोक मदरबोर्डला, काळे टोक मास्टरला आणि मधला राखाडी जोड स्लेव्हला लावतात. केबलची प्रमाणित लांबी कमाल १८ इंच आहे.

प्रत्यक्ष जोडणी

संगणक बंद करून विजेची वायर काढावी आणि कॅबिनेटच्या धातूला स्पर्श करून अंगावरील स्थिर वीज उतरवावी. केबलची रंगीत कडा पहिल्या क्रमांकाच्या पिनेकडे असावी. केबल आणि वीजपुरवठ्याचा प्लग दोन्ही डिस्कना नीट बसल्याची खात्री करून संगणक सुरू करावा. बायोसच्या पडद्यावर दोन्ही डिस्कची नावे दिसली पाहिजेत. दोन्ही डिस्क मास्टर ठेवल्या गेल्यास एक किंवा दोन्ही डिस्क दिसत नाहीत. अशा वेळी संगणक पुन्हा बंद करून जंपर तपासावेत.

खरा धोका

चूक बहुधा यानंतर होते. विंडोज ९८ सारख्या जुन्या प्रणालीत प्रत्येक डिस्कच्या मुख्य विभागाला आधी अक्षर मिळते. त्यामुळे दुसरी डिस्क जोडताच पहिल्या डिस्कवरील ‘डी’ हा विभाग ‘ई’ होऊ शकतो आणि ‘डी’ हे अक्षर दुसऱ्या डिस्ककडे जाते. जुन्या सवयीने ‘डी’ फॉरमॅट करणाऱ्याच्या हातून भलतीच डिस्क रिकामी होते. म्हणून अक्षरावर विसंबू न राहता डिस्कची क्षमता आणि तीवरील फाइली पाहूनच पुढील कृती करावी.

२००३ पासून बाजारात आलेल्या साटा पद्धतीत प्रत्येक डिस्कला स्वतंत्र केबल असल्याने मास्टर-स्लेव्हचा प्रश्न उरला नाही. नव्या मदरबोर्डवर आयडीईची जागा नसल्यामुळे जुनी डिस्क आता बहुधा यूएसबी जोडणीच्या साधनाद्वारे वाचली जाते. तेव्हाही ती एकटी किंवा मास्टर म्हणूनच ठेवावी लागते. जोडणी कोणतीही असो, आधी नक्कल करावी, नक्कल केलेल्या फाइली उघडून पाहाव्यात आणि त्यानंतरच जुनी डिस्क पुसण्याचा विचार करावा.