ठाण्याची सरहद्द आणि संयुक्त मोहिमा

ठाण्यांतील टेंभी नाका हा आज गजबजलेला चौक आहे. परंतु ‘नाका’ ह्या शब्दाचा जुना अर्थ जकात घेण्याची व येणाऱ्याजाणाऱ्यास अडविण्याची चौकी असा आहे. अठराव्या शतकांत साष्टी, कल्याण व मुंबई ह्यांच्या सांध्यावर चौक्या राखणाऱ्यांस परकी सत्तेशीं सहकार्य कसें वाटत असे, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. शिपाई आपलें मत लिहून ठेवीत नाहीं. तें त्याच्या वर्तनावरून काढावें लागतें.

इ. स. १७२१ च्या अखेरीस इंग्रज व पोर्तुगीज ह्यांनीं मिळून कान्होजी आंग्र्यांच्या कुलाब्यावर चाल केली. बाजीराव मदतीस येतांच पोर्तुगीजांनीं जानेवारी १७२२ मध्यें निराळा तह केला. पुढें मार्च १७३७ मध्यें मराठ्यांनीं ठाणें घेतलें, आणि पोर्तुगीज तें परत घेण्याच्या तयारीस लागले, तेव्हां मुंबईचा गव्हर्नर जॉन हॉर्न ह्यानें ती बातमी मराठ्यांस कळवून ठाण्याच्या शिबंदीस दारूगोळाहि पुरविला. कुलाब्यावरील मित्राचें हें वर्तन!

परंतु खरी कसोटी १७५५ ची. कल्याणास राहून कोंकणचा कारभार पाहणारे सरसुभेदार रामाजी महादेव ह्यांनीं त्या वर्षीं मार्चांत, तुळाजी आंग्र्याविरुद्ध, इंग्रजांशीं करार केला. आरमाराचें आधिपत्य इंग्रजांकडे व बाणकोट इंग्रजांस, अशी त्यांत बोली होती. एप्रिलांत जेम्सनें सुवर्णदुर्ग घेतला. पेशव्यांचें आरमार तोफेच्या माऱ्याबाहेरच रेंगाळलें, अशी इंग्रजांची तक्रार आहे. तिला भ्याडपणाचा पुरावा मानण्याची चाल पडली आहे. ती आम्हांस मान्य नाहीं. समोरचे खलाशी बहुधा त्याच किनाऱ्यावरचे, आणि हुकूम परक्याचा. अशा ठिकाणीं हात आंखडला तर नवल कसलें?

फेब्रुवारी १७५६ मध्यें विजयदुर्गावर अविश्वास उघडा झाला. लुटींत मराठ्यांस वांटा द्यावयाचा नाहीं, हें वॉटसन, क्लाइव्ह प्रभृतींनीं मुंबईहून निघण्यापूर्वींच ठरविलें होतें. तुळाजी मराठ्यांच्या छावणींत आला असें कळतांच क्लाइव्हनें आपली फौज उतरवून मराठी फौज व किल्ला ह्यांच्या मध्यें उभी केली. सुमारें दहा लक्षांची लूट एकट्या इंग्रजांनीं वांटून घेतली, आणि किल्ला ऑक्टोबरांत पुण्याचा तह होईपर्यंत सोडला नाहीं. रामाजीपंतांनीं तुळाजीस ताब्यांत घेतलें खरें. पण पश्चिम किनाऱ्यावर इंग्रजांस अडविणारें एक मोठें मराठी आरमार ह्या मोहिमेंत जळून गेलें. हा व्यवहार पेशव्यांस अतिशय महाग पडला, असें आमचें मत आहे.

डिसेंबर १७७४ मध्यें, पोर्तुगीज साष्टी परत घेऊं पाहतात असें निमित्त करून, इंग्रजांनीं ठाण्याच्या किल्ल्यावर हल्ला केला. त्यांचा आरमारी अधिकारी वॉटसन (हा विजयदुर्गच्या वॉटसनहून निराळा) तेथें प्राणांतिक जखमी झाला. किल्ला पडल्यावर शिबंदीपैकीं बहुतेकांची कत्तल झाली. त्याच किल्ल्यांत आज मध्यवर्ती कारागृह आहे.