भूमिकेआधीची तालीम

अभिनयाचं रीतसर शिक्षण मराठी मुलखात विद्यापीठांनी आणलं, असं सर्रास मानलं जातं. इतिहास तसं सांगत नाही. १८८० साली उभ्या राहिलेल्या किर्लोस्कर मंडळीत गोविंद बल्लाळ देवल तालीममास्तर म्हणून नावाजले गेले. मास्तरांनी वाक्य म्हणून दाखवायचं आणि पोरानं ते तसंच्या तसं उचलायचं, ही त्या काळची रीत. कोणत्या शब्दावर थांबायचं, पदर कोणत्या हातानं सावरायचा, हुंदका पदाच्या आधी की नंतर, सगळं घोटून घेतलं जाई. प्राध्यापकही या व्यवहारापासून दूर नव्हते. फर्ग्युसन कॉलेजात इंग्रजी शिकवणारे वासुदेव बाळकृष्ण केळकर शाहूनगरवासी मंडळीच्या तालमी घेत आणि गणपतराव जोशींसारख्या नटाला शेक्सपिअरची पात्रं उलगडून दाखवत. शिकवणं होतं, शिस्त होती, गुरूही होते. मग विद्यापीठाच्या वर्गानं नवं काय आणलं?

माझ्या मते एकच गोष्ट, पण मोठी: भूमिका हाती नसताना शिकण्याची मुभा. मंडळीतली तालीम नटाच्या नकलेला, म्हणजे त्याच्या वाट्याच्या संवादांच्या प्रतीला, बांधलेली असे. याचं कारण कलेपेक्षा हिशेबात होतं. गावोगाव फिरणाऱ्या बिऱ्हाडात प्रत्येक तोंड पोसायचं, तर नव्या पोरालाही लवकर रंगमंचावर उभं करणं भाग होतं. त्यामुळे नट आपली भूमिका उत्तम शिके. अभिनय मात्र त्या भूमिकेच्या वाटेनं, जमेल तेवढाच. बोलपटांच्या रेट्यात मंडळ्या मोडल्या, तेव्हा त्यांच्यासोबत ही शाळाही मोडली.

यावर पुण्यातला कुणीही लगेच विचारेल, मग पुरुषोत्तम करंडकाचं काय? १९६३पासून चालत आलेल्या या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेनं कोणत्याही वर्गाशिवाय नट घडवले. १९७२ साली ‘घाशीराम कोतवाल’ उभं करणाऱ्यांत जब्बार पटेल आणि मोहन आगाशे वैद्यकाचे, तर सतीश आळेकर जीवरसायनशास्त्राचे. आक्षेप वजनदार आहे. पण स्पर्धेची तालीमही ठरलेल्या तारखेसाठी आणि ठरलेल्या पात्रांसाठीच असते. जो भूमिकेत बसतो त्याला घेतात. बुजरी मुलगी प्रॉपर्टी सांभाळते. पुणे विद्यापीठात १९८७ साली ललित कला केंद्र सुरू झालं आणि पुढे १९९६पासून २००९पर्यंत त्याची धुरा आळेकरांनीच वाहिली. स्पर्धांच्या मुशीतून आलेल्या नाटककारानं पद्धतशीर शिक्षणासाठी इतकी वर्षं द्यावीत, याला अर्थ आहे.

पहिल्या सत्रातल्या वर्गाकडे जवळून पाहिलं, तर ही मुभा दिसते. तिथे संहिता नसते. नुसतं उभं राहायचं, श्वास कुठे अडकतो ते ओळखायचं, समोरचा बोलत असताना पुढच्या वाक्याची जुळवाजुळव न करता ऐकायचं. प्रेक्षक नसल्यानं चुकलं तर बिघडत काही नाही. अभिनयाला गुण कसे देणार, हा दुसरा आक्षेप मात्र पूर्ण खोडता येत नाही. परीक्षेला मेहनत मोजता येते, प्रतिभा नाही. पण मंडळीचं मोजमाप तिकीटखिडकीवर होई आणि ते नवख्यासाठी याहून न्याय्य नव्हतं.

म्हणून अशा वर्गातून किती नामवंत निघाले, हा हिशेब मला गैरलागू वाटतो. पुढे कधीच तोंडाला रंग न लावणाऱ्या विद्यार्थ्याला मंडळीत जागाच नव्हती. इथे ती आहे. धोका वेगळ्याच बाजूनं येतो. वार्षिक प्रयोगाच्या घाईत पहिल्याच सत्रात भूमिका वाटल्या, तर विभाग मंडळीचीच रीत गिरवू लागतो, आणि मंडळीत पोराला मिळणारी वर्षानुवर्षांची सोबत मात्र त्याच्यापाशी नसते.