ग्लोबॉइड सेल ल्यूकोडिस्ट्रॉफी (श्वानांतील)
वेस्ट हायलँड व्हाइट टेरियर आणि केर्न टेरियर या मूळच्या स्कॉटिश जातींच्या पिल्लांत आढळणारा आनुवंशिक मज्जाविकार. जीएएलसी जनुकातील दोषामुळे मेदद्रव्याचे विघटन करणारे एक एन्झाइम निकामी होते. सायकोसिन हे विषारी द्रव्य साचून चेतातंतूंचे मायलिन आवरण तयार करणाऱ्या पेशी मरतात. माणसातील क्राबे रोगाचे मूळही याच जनुकात आहे. जन्मतः धडधाकट दिसणारे पिल्लू काही महिन्यांतच मागचे पाय फरफटू लागते, डोके थरथरते, पुढे दृष्टीही जाते. बरे करणारा प्रस्थापित उपचार नाही. बहुतेकांना वर्षभराच्या आतच दयामरण द्यावे लागते.

या दोषाचा उलगडा 1996 साली झाला आणि जनुकीय चाचणी शक्य झाली. दोष अप्रभावी असल्याने वाहक कुत्रा आयुष्यभर निरोगी राहतो. दोन वाहकांच्या मीलनातून प्रत्येक पिल्लाला रोगाचा धोका 25 टक्के असतो. वाहक व दोषमुक्त जोडीत तो जवळपास शून्यावर येतो. म्हणून चाचणीविना केलेली पैदास असमर्थनीय ठरते. मग सगळे वाहकच का वगळू नयेत, हा आक्षेप रास्त वाटतो. मात्र बंदिस्त वंशावळीच्या जातीत एकदम इतके कुत्रे बाद केले, तर उरलेल्यांत अंतःप्रजनन वाढते आणि दडलेले दुसरे दोष वर येतात. वाहकाची जोडी दोषमुक्ताशीच लावावी, त्यांच्या पिल्लांची चाचणी करावी आणि पुढच्या पैदाशीसाठी दोषमुक्त पिल्ले निवडत जावे, हाच मार्ग अधिक सुरक्षित आहे.