गालावरचा लाल चट्टा : एका निदानाचा इतिहास

काही वर्षांपूर्वी भातकापणीच्या दिवसांत नाणे मावळातल्या एका शाळेत व्याख्यानासाठी गेलो होतो. कार्यक्रम संपल्यावर विज्ञानाच्या बाईंनी विचारले, "आमच्या नववीतल्या एका मुलीच्या दोन्ही गालांवर लाल चट्टे आले आहेत. घरचे म्हणतात ऊन लागले, शेजारी म्हणतात काँग्रेस गवत बाधले. आपण काय समजायचे?" प्रश्न साधा वाटतो. पण त्याचे उत्तर देण्याची साधने हाती यायला वैद्यकशास्त्राला शंभरहून अधिक वर्षे लागली.

युरोपात मध्ययुगापासून चेहरा कुरतडल्यासारखा दिसणाऱ्या व्रणांना 'ल्युपस' म्हणत. लॅटिन भाषेत ल्युपस म्हणजे लांडगा. या एका नावाखाली कितीतरी वेगवेगळे रोग कोंबलेले होते. १८४५ मध्ये व्हिएन्नाचे डॉक्टर हेब्रा यांनी नाक आणि गालांवर फुलपाखराच्या आकारात पसरणाऱ्या पुरळाचे वर्णन केले. १८५१ मध्ये पॅरिसच्या काझनाव्ह यांनी या लालसर प्रकाराला 'ल्युपस एरिथेमाटोसस' असे वेगळे नाव दिले. दुसरा प्रकार 'ल्युपस व्हल्गॅरिस'. तो म्हणजे त्वचेचा क्षय, हे १८८२ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचे जंतू शोधल्यानंतर स्पष्ट झाले.

नावे वेगळी केल्याने रोग्याला काय फायदा? डेन्मार्कच्या नील्स फिन्सेन यांनी त्वचेच्या क्षयावर प्रखर प्रकाशाचा उपचार शोधला आणि १९०३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. तोच प्रकाश लाल ल्युपसच्या रोग्यावर पाडला तर मात्र रोग बळावतो! नाव अर्धे सारखे, पण एकाचे औषध ते दुसऱ्याचे विष.

लाल ल्युपस हा केवळ त्वचेचा रोग नाही, हे कापोसी यांनी १८७२ मध्येच लिहून ठेवले होते. काही रोग्यांना ताप येई, सांधे दुखत, आतले अवयवही बिघडत. पण असे का व्हावे? शरीर स्वतःवरच उलटत असेल, अशी शंका घेणे त्या काळी अवघड होते. विसाव्या शतकाच्या आरंभी पॉल एर्लिश यांनी असे मत मांडले होते की, स्वतःच्या घटकांवर हल्ला होऊ नये म्हणून शरीराची काही तरी व्यवस्था असली पाहिजे. याचा अर्थ अनेकांनी 'असा हल्ला होतच नाही' असा घेतला.

कोंडी फुटली १९४८ मध्ये. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये हारग्रेव्ह्ज आणि त्यांचे सहकारी रोग्यांची अस्थिमज्जा सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते. काही पांढऱ्या पेशींनी दुसऱ्या पेशीचे केंद्रक गिळलेले दिसले. या पेशींना 'एल. ई. पेशी' म्हणू लागले. पुढे रोग्याचा रक्तद्रव निरोगी माणसाच्या पेशींत मिसळला, तर तिथेही अशा पेशी तयार झाल्या. म्हणजे दोष रक्तद्रवात होता. आपल्याच पेशींच्या केंद्रकाविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे त्यात होती. १९५७ मध्ये फ्रिओ यांनी ही प्रतिपिंडे चमकणाऱ्या रंगद्रव्याच्या साह्याने दाखवण्याची पद्धत वापरली. आज प्रयोगशाळेत होणारी 'ए. एन. ए.' चाचणी ती हीच. उन्हाने रोग का बळावतो, याचाही उलगडा यातून होतो. अतिनील किरणांनी त्वचेतल्या पेशी मरतात, केंद्रकातील पदार्थ उघडे पडतात आणि या प्रतिपिंडांना लक्ष्य मिळते.

आता काँग्रेस गवताकडे वळू. हे मूळचे अमेरिका खंडातले तण पुण्यात १९५५ च्या सुमारास लक्षात येऊ लागले आणि पाहता पाहता रस्ते, रूळ आणि पडीक जमिनी त्याने व्यापल्या. १९७२ मध्ये डॉ. लोणकर आणि डॉ. जोग यांनी त्यामुळे साथीसारख्या पसरलेल्या त्वचादाहाची नोंद प्रसिद्ध केली. दोष गवतातील पार्थेनिन या द्रव्याचा. ही अ‍ॅलर्जी आहे. शरीर इथे बाहेरच्या पदार्थावर चिडते, स्वतःवर नव्हे. खाज फार सुटते. पापण्या, मान, कानामागची जागा, कोपराच्या घड्या यांवर ती अधिक दिसते. ल्युपसचे फुलपाखरू मात्र बहुधा नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्याकडे जाणारी घडी सोडून देते. गवताचा त्रास जास्त करून शेतात राबणाऱ्या मध्यमवयीन पुरुषांना होतो. ल्युपसच्या दर दहा रोग्यांत साधारण नऊ स्त्रिया असतात, त्याही बहुधा तरुण.

मग ए. एन. ए. चाचणी केली की काम झाले का? नाही. रक्त १६० पट पातळ करून तपासले तरी वीसपैकी सुमारे एका निरोगी माणसात ही चाचणी होकारार्थी येते. म्हणूनच २०१९ च्या आंतरराष्ट्रीय निकषांत या चाचणीला फक्त पहिल्या पायरीचे स्थान आहे. त्यापुढे पुरळ, सांधे, रक्तपेशी, मूत्रपिंड अशा पुराव्यांना गुण देऊन बेरीज केली जाते. हे निकषही मुळात संशोधनासाठी केलेले आहेत. रोग्याबद्दलचा शेवटचा निर्णय डॉक्टरांनाच सगळे पाहून घ्यावा लागतो.

बाईंना मी एवढेच सांगितले : मुलीला विचारा, उन्हात गेल्यावर चट्टा वाढतो का? सकाळी सांधे धरतात का? ताप, तोंडात फोड, केस गळणे, पायांवर सूज यांपैकी काही आहे का? आणि उत्तर काहीही आले तरी दोन आठवड्यांत चट्टा गेला नाही, तर तिला डॉक्टरांकडे पाठवा आणि लघवी तपासून घ्या. ल्युपसमध्ये मूत्रपिंड न दुखता बिघडते. लघवीतून प्रथिने जाऊ लागतात आणि ते साध्या तपासणीत कळते. वेळेवर कळले तर औषधे आहेत. परस्पर कोणतेही मलम चोळू देऊ नका. त्याने चट्टा फिका पडतो आणि ओळखायची खूण पुसली जाते.

"आणि वर्गात?" बाईंनी विचारले. तिची जागा बदलू नका, असे मी म्हटले. यांतला एकही रोग, ना ल्युपस ना गवताची अ‍ॅलर्जी, शेजारी बसून लागत नाही. बदलायचीच असेल तर खिडकीतल्या उन्हापासून तेवढी दूर करा.