कागद जपून ठेवजो

पातूरच्या स्टँडवर अकोल्याची एसटी लागते. तुमच्या मांडीवर प्लास्टिकची फाइल. परवा मुंबईत, अमेरिकी वकिलातीत व्हिसाची मुलाखत. पासपोर्ट, बँकेचा दाखला आणि बाबांनी बळंच खुपसलेला शेताचा सातबारा. यादीत तो नाही. अकोल्याला पोचलं की काढून टाकायचं तुम्ही ठरवलंय. "कागद जपून ठेवजो बरं," खिडकीखालून बाबा म्हणतात. रेणुकामातेची टेकडी मागे पडते आणि डोळा लागतो.

गचका बसतो तेव्हा तुम्ही कापसाच्या बैलगाडीत आहात. साल १९०३. टेकडी तीच. वऱ्हाड कागदोपत्री निजामाचं; पण वर्षाला २५ लाख रुपयांवर इंग्रजांनी ते कायमचं भाड्यानं घेतलंय. मग आपण प्रजा कोणाची? गाडीवान शेपटी पिरगाळत म्हणतो, "जो सारा नेते, त्याची!"

दुसरा गचका. जानेवारी १९२३, वॉशिंग्टन. सर्वोच्च न्यायालयाला अजून स्वतःची इमारत नाही. कामकाज कॅपिटॉलमधल्या जुन्या सिनेट सभागृहात चालतं. वकिलाचं नाव ऐकून तुम्ही मान वर करता: सखाराम गणेश पंडित. आपल्याकडले की काय? जन्म १८७५चा, अहमदाबादचा. १९०६ला इकडे आले, व्याख्यानं दिली, १९१४ला नागरिक झाले, १९१७ला कॅलिफोर्नियात वकिलीची सनद मिळवली.

अशील भगतसिंग थिंड, अमेरिकी फौजेत राहिलेला शीख. कायद्यानं नागरिक होता येतं ते 'गोऱ्या' किंवा आफ्रिकी वंशाच्या माणसाला. मग थिंडच्या बाजूनं वंशशास्त्राचे ग्रंथ पुढे येतात: पंजाबी म्हणजे आर्य, आर्य म्हणजे कॉकेशियन. उच्चवर्णीय हिंदू खालच्यांशी सोयरीक करत नाही, हेही पुराव्यात. ते ऐकताना तुम्ही बाकावर चुळबुळता.

१९ फेब्रुवारीला न्यायमूर्ती सदरलँड निकाल देतात: शास्त्र काहीही म्हणो, साधा माणूस याला गोरा म्हणणार नाही. सदरलँड स्वतः इंग्लंडात जन्मलेले.

आता सरकार पंडितांचाच नागरिकत्वाचा कागद परत मागतं. लॉस एंजेलिसच्या कोर्टात पंडित प्रतिवादी होऊन उभे राहतात, आणि या खेपेला त्यांचा भर वेगळ्याच गोष्टीवर आहे. तुम्ही दिलेल्या कागदाच्या भरवशावर मी वडिलोपार्जित हिस्सा सोडला, वकिली मांडली, घर घेतलं, लग्न केलं. कागद गेला तर सनद जाते, घर जातं, अमेरिकी पत्नीचं नागरिकत्वही धोक्यात येतं.

हे तुम्हाला कुठंतरी ऐकल्यासारखं वाटतं. फेरफार मंजूर झाला, त्या जोरावर शेतात विहीर खोदली, बांधावर आंबे लावले. आणि आता म्हणता, नोंदच चुकली?

पंडित जिंकतात. १९२६ला अपील न्यायालयही सांगतं, हा वाद १९१४लाच मिटला. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालय सरकारचं अपील ऐकायलाच घेत नाही. तोवर मात्र कित्येक भारतीयांचं नागरिकत्व काढून घेतलेलं असतं. बाकीच्यांना दार किलकिलं व्हायला १९४६ उजाडतं.

"अकोला, अकोला!" कंडक्टर ओरडतो. तुम्ही फाइल उघडता. सातबारा बाहेर काढता, घडी नीट करता आणि पासपोर्टाच्या खाली परत ठेवता.

फोन वाजतो. "कागद हायेत ना?"

"हायेत, बाबा. सगळे हायेत."